कोंबडीची घरघर : औषधाचे काम कोणते, तेलाचे काम कोणते?




मागच्या अंकात आम्ही वस्त्यांवरील कोंबड्यांच्या औषधपाण्यासाठी मदत मागितली होती. आपण ती मनापासून पाठवलीत, त्याबद्दल सर्व कुटुंबांच्या वतीने आभार मानते. मदतीबरोबर काही पत्रेही आली. एका भगिनींनी विचारले, "निलगिरीचे तेल स्वस्त आहे, नैसर्गिक आहे, मग अँटिबायोटिकवर पैसे कशाला घालता?" एका बंधूंनी नेमके उलटे विचारले, "डॉक्टरांचे औषध दिल्यावर पुन्हा तेलाचा खटाटोप कशासाठी?"

दोन्ही प्रश्न रास्त आहेत. आपण घामाचे पैसे देता, तेव्हा ते कशावर खर्च होतात हे विचारण्याचा आपला हक्कच आहे. उत्तर देण्यासाठी मला आधी माझी एक चूक सांगावी लागेल.

मी लिहिलेला चुकीचा अहवाल

सातारा जिल्ह्याच्या पश्चिमेला, जावळी खोऱ्यात, कातकरी कुटुंबांच्या लहान वस्त्या आहेत. खैराच्या झाडापासून कात काढणारे म्हणून या समाजाचे नाव कातकरी पडले. आता तो धंदा राहिला नाही. मासेमारी, शेतमजुरी, वीटभट्टी यांवर घर चालते. अशा घरात दारातल्या आठ-दहा कोंबड्या म्हणजे बँकेतले खाते असते. मुलाला ताप आला, शाळेची वही हवी झाली, एसटीचे भाडे द्यायचे झाले की एक कोंबडी बाजारात जाते. त्यातही ही शिल्लक बाईच्या हातात असते आणि तिला ती कोणाला न विचारता मोडता येते.

दोन हिवाळ्यांपूर्वी अशाच एका वस्तीवर एका मावशींनी मला थांबवले. "ताई, रातच्याला कोंबड्या घरघर करतात. झोप लागत नाही." मी संध्याकाळी खुराड्याजवळ बसले. आत खरोखरच कोणीतरी हुक्का ओढावा तसा आवाज येत होता. दोन-तीन कोंबड्या शिंकत होत्या, एकीच्या डोळ्यात फेस होता. सगळ्या खात होत्या, मात्र अंडी कमी झाली होती.

त्या वेळी माझ्या पिशवीत एका मंडळीने प्रेमाने पाठवलेल्या निलगिरी-पुदिना तेलाच्या बाटल्या होत्या. कोंबड्यांसाठीच बनवलेले, पाण्यात मिसळणारे तेल. मी ते दिले. तिसऱ्या दिवशी आवाज बराच कमी झाला. मावशी खूश, मी खूश. मी अहवालात लिहिले, "वनौषधी तेलाने कोंबड्या बऱ्या झाल्या."

तीन आठवड्यांनी मी परत गेले, तर आजार शेजारच्या चार घरांत पोचला होता. मावशींच्या अकरापैकी चारच कोंबड्या उरल्या होत्या. आमच्या भागातील पशुवैद्यक डॉक्टरांनी एक मेलेली कोंबडी उघडून दाखवली. आत पातळ, पारदर्शक असायला हवा तो पडदा गढूळ झाला होता आणि त्यावर पनीरासारखा पिवळा थर साचला होता. डॉक्टर म्हणाले, "बाई, तुमच्या तेलाने आवाज थांबला. रोग थांबला नव्हता."

मावशी मला काही बोलल्या नाहीत. त्यांनी चहा केला. तो चहा माझ्या घशाखाली उतरेना.

कोंबडी श्वास कसा घेते

डॉक्टरांनी दाखवलेला तो पडदा म्हणजे हवेची पिशवी. माणसाच्या छातीखाली जसा श्वासपटल असतो, तसा कोंबडीला नसतो. तिची फुप्फुसे लहान असतात आणि बरगड्यांना चिकटलेली असतात. त्यांना जोडून हवेच्या पातळ पिशव्या असतात. त्या मानेपासून पोटापर्यंत पसरलेल्या असतात, काही तर पोकळ हाडांतही शिरतात. लोहाराच्या भात्याप्रमाणे या पिशव्या फुप्फुसांतून हवा खेळवतात.

म्हणून माणसाची सर्दी बहुधा नाका-घशात राहते, तसे कोंबडीचे नसते. तिच्या नाकात शिरलेला रोग थेट पोटाच्या आतपर्यंत पोचू शकतो. या पिशव्यांमध्ये रक्तवाहिन्या फार थोड्या असतात. रक्तातून जाणारे औषध तिथे कष्टाने पोचते. उपचाराला उशीर झाला की चांगले औषधही हरते, ते यामुळे.

जुनाट घरघरीच्या या आजाराला पशुवैद्यक 'सीआरडी' म्हणतात. त्याचे मूळ मायकोप्लाझ्मा नावाच्या अतिसूक्ष्म जिवाणूत असते. तो एकटा असला तर कोंबडी अनेक दिवस घरघरत, शिंकत काढते. थंडी, ओल, धूर, कोंदट खुराडे, अपुरे खाणे यांनी ती खचली की आतड्यातले आणि विष्ठेतले ई. कोलाय जिवाणू छातीत शिरतात. मग पनीरासारखा थर धरतो आणि मर सुरू होते. हा जिवाणू अंड्यातून पिलातही उतरतो. बाजारातून आणलेली धडधाकट दिसणारी तलंगही तो घेऊन येऊ शकते. माणसाला मात्र हा कोंबडीचा मायकोप्लाझ्मा होत नाही, ही दिलाशाची गोष्ट.

अँटिबायोटिक काय करते

अँटिबायोटिक जिवाणूला मारते किंवा त्याची वाढ रोखते. मात्र प्रत्येक अँटिबायोटिक प्रत्येक जिवाणूवर चालत नाही. पेनिसिलिन आणि त्याच्या घराण्यातील अमॉक्सिसिलिन ही औषधे जिवाणूची बाहेरची भिंत बनू देत नाहीत. मायकोप्लाझ्माला ती भिंतच नसते. ज्या किल्ल्याला तटच नाही, त्यावर तट फोडणारी तोफ डागून काय उपयोग? घरात उरलेली अमॉक्सिसिलिनची कॅप्सूल फोडून कोंबडीच्या पाण्यात टाकली, तर सीआरडीवर तिचा काहीच परिणाम होत नाही.

या रोगासाठी पशुवैद्यक टायलोसिन, टायम्युलिन, डॉक्सिसायक्लिन अशा औषधांतून निवड करतात. ती बहुधा तीन ते पाच दिवस पाण्यातून दिली जातात. कोणते, किती आणि किती दिवस, हे डॉक्टरांनीच ठरवायचे. औषध वेळेवर मिळाले तर मर थांबते आणि अंडी पुन्हा सुरू होतात. मात्र एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. बरी दिसणारी कोंबडीही पुढे हा जिवाणू अंगात बाळगू शकते. म्हणून अशा कोंबडीची अंडी उबवायला दुसऱ्या वस्तीवर देऊ नयेत आणि तिला वाट्याने पाळायला दुसऱ्या घरी पाठवू नये, असे आम्ही सांगतो.

तेल काय करते

निलगिरीच्या तेलात सिनिओल आणि पुदिन्याच्या तेलात मेंथॉल हे मुख्य द्रव्य असते. सर्दीत आपण वाफ घेतो किंवा छातीला बाम लावतो, तेव्हा याच द्रव्यांचा वास आपल्याला येतो. घट्ट कफ सैल व्हायला आणि श्वास मोकळा वाटायला त्यांची मदत होते. ओव्याच्या तेलात थायमॉल असते. प्रयोगशाळेतील काचेच्या बशीत ही तेले अनेक जिवाणूंची वाढ रोखतात, हेही खरे. पण कोंबडी म्हणजे काचेची बशी नव्हे. बशीत जेवढे तेल जिवाणूवर पडते, तेवढे पाण्यातून पिऊन हवेच्या पिशवीपर्यंत पोचत नाही.

लेबनॉनमधील बैरूतच्या अमेरिकन विद्यापीठातील संशोधकांनी मायकोप्लाझ्माची लागण केलेल्या कोंबड्यांना निलगिरी-पुदिना तेल देऊन पाहिले होते. श्वासनलिकेच्या अस्तराची हानी कमी झाल्याचे त्यांना आढळले. म्हणजे तेलाचा उपयोग नाही असे नव्हे. नळी मोकळी राहिली तर कोंबडी खाते, पिते, तग धरते आणि औषधाला काम करायला अवसर मिळतो. हे काम मोलाचे आहे. पण हे आजाऱ्याच्या उशाशी बसून सेवा करणाऱ्या बाईचे काम आहे. शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरचे नव्हे. इस्पितळात दोघांचीही गरज असते, आणि एकाने दुसऱ्याचे काम करायला गेले की रोगी दगावतो.

आपल्या कुंपणातला अडुळसा पाहा. खोकल्यावर अडुळशाचा काढा आपल्या आज्या देत आल्या. त्याच अडुळशातील व्हॅसिसिन या द्रव्यावरून ब्रोमहेक्झिन हे कफ पातळ करणारे औषध तयार झाले. आज ते माणसांच्या खोकल्याच्या औषधात असते आणि पशुवैद्यक ते कोंबड्यांनाही देतात. झाडपाला आणि औषधाचे दुकान यांत वैर नाही. मात्र अडुळसाही कफ पातळ करतो, मायकोप्लाझ्माला मारत नाही.

तेलाबद्दल दोन सावधगिरीच्या सूचना. पहिली, साधे तेल पाण्यावर तरंगते. कोंबडीने चोच बुडवली की नेमका तेलाचा तवंग तिच्या तोंडात, नाकात आणि डोळ्यात जातो आणि आग होते. म्हणून पाण्यात मिसळणारे, पक्ष्यांसाठी बनवलेले तेलच आणि सांगितलेल्या प्रमाणातच वापरावे. दुसरी सूचना त्याहून महत्त्वाची. निलगिरीचे शुद्ध तेल लहान मुलाच्या पोटात थोडेसे जरी गेले, तरी त्याला झटके येऊ शकतात, शुद्ध हरपू शकते. एका खोलीच्या घरात उंच कपाट नसते. नैसर्गिक म्हणजे निर्धोक, असे नाही. आम्ही आता तेलाची बाटली वस्तीवर ठेवतच नाही. कार्यकर्ती गरजेपुरते देते आणि बाटली परत आणते.

आणि जिथे दोन्ही हरतात

आता सांगली जिल्ह्याच्या पूर्वेला जाऊ. जत तालुक्यात पाऊस कमी आणि धूळ फार. तिथे फासेपारधी कुटुंबांच्या वस्तीवर आमचे काम आहे. फास लावून तितर-लावे धरण्यात पिढ्या गेलेला हा समाज. १८७१ च्या कायद्याने इंग्रजांनी जमातींवर गुन्हेगारीचा शिक्का मारायला सुरुवात केली. तो शिक्का पारध्यांवरही बसला. १९५२ मध्ये तो कायद्याने पुसला गेला, लोकांच्या मनातून अजून पुरता पुसलेला नाही. पाखरांची चाल, आवाज, सवयी यांची जाण या लोकांना माझ्यापेक्षा कितीतरी अधिक आहे.

एका उन्हाळ्यात तिथून निरोप आला, "कोंबड्या घरघर करतायत, बाई, जावळीला दिलं ते औषध आणा." मी निघण्याआधीच एका दादांनी गावातून माणसांच्या गोळ्या आणून पाण्यात विरघळवल्या होत्या. मी पोचले तेव्हा घरघर होती, पण आणखीही काही होते. विष्ठा हिरवट-पांढरी झाली होती. दोन कोंबड्यांच्या माना पिळल्यासारख्या वाकड्या झाल्या होत्या. एकीचे पाय लुळे पडले होते. आदल्या रात्रीत सहा मेल्या होत्या. तिथल्या आजींनी लांबूनच सांगितले, "ही मानमोडी हाय. हिला दवा न्हाई."

आजींचे बरोबर होते. मानमोडी म्हणजे राणीखेत. हिमालयाच्या पायथ्याच्या कुमाऊँ भागातील राणीखेत गावी १९२७ च्या सुमारास हा रोग ओळखला गेला, म्हणून आपल्याकडे ते नाव. हा विषाणूचा रोग आहे. अँटिबायोटिक जिवाणूवर चालते, विषाणूवर नाही. टायलोसिन द्या, तेल द्या, दोन्ही एकत्र द्या, राणीखेत थांबत नाही. त्यावर उपाय एकच, तो म्हणजे आधी दिलेली लस. पिलाला पहिल्या आठवड्यात डोळ्यात किंवा नाकात लासोटा लशीचा थेंब, आणि पुढे सुमारे आठव्या आठवड्यात टोचून द्यायची लस.

लस महाग नाही. अडचण वेगळी आहे. ती बर्फात न्यावी लागते, आणि एकदा कुपी फोडली की थोड्या वेळात संपवावी लागते. एका कुपीत शेकडो कोंबड्यांची लस, आणि एका घरी कोंबड्या दहा. म्हणून सगळ्या वस्तीने एकाच दिवशी, पहाटे कोंबड्या सोडण्याआधी, लस घ्यावी लागते. विट्याच्या बाजूच्या मोठ्या पोल्ट्रीवाल्यांना हे सोपे आहे. वीस घरांची वस्ती एकत्र आणायला मात्र आधी चार वेळा जाऊन बसावे लागते. आपल्या देणगीतला बराच भाग या फेऱ्यांवर खर्च होतो, तो यासाठी.

एकाएकी, काही लक्षण दिसण्याआधीच पुष्कळ पक्षी मेले, तर बर्ड फ्लूची शंकाही घ्यावी लागते. भारतात त्याची पहिली नोंद २००६ च्या फेब्रुवारीत आपल्याच राज्यात, नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरला झाली. अशा वेळी मेलेली कोंबडी उघडू नये, खाऊ नये, ओढ्यात टाकू नये. मुलांना दूर ठेवावे आणि ताबडतोब सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवावे. १९६२ या सरकारी क्रमांकावर फोन करता येतो.

आता आम्ही काय करतो

दोन चुका पाहिल्यानंतर आमच्या कामाचा क्रम बदलला. आता घरघरीचा निरोप आला की आधी पाहायचे, मग कळवायचे आणि शेवटी द्यायचे.

पाहायचे म्हणजे, किती दिवस झाले, किती मेल्या, विष्ठा कशी आहे, मान-पाय ठीक आहेत का, तोंड सुजले आहे का, नवीन कोंबडी कधी आणली. शक्य असेल तर नुकतीच मेलेली कोंबडी डॉक्टरांकडे न्यायची. बर्ड फ्लूची शंका असेल तर मात्र ती जागची हलवायची नाही. सातारा जिल्ह्यात शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालय आहे, ही आपल्या भागाची मोठी सोय आहे.

डॉक्टरांनी सीआरडी सांगितला आणि औषध लिहून दिले, तर त्याच्या दिवसागणिक पुड्या बांधून घेतो. ही पाकिटे मोठ्या फार्मच्या हिशेबाने बनवलेली असतात. दहा कोंबड्यांसाठी चमच्याने अंदाज केला की चूक ठरलेलीच. मोकळ्या फिरणाऱ्या कोंबड्या ओहोळावर, डबक्यावर कुठेही पाणी पितात. म्हणून सकाळी त्यांना लगेच सोडायचे नाही. तहानलेल्या असताना आधी औषधाचे पाणी ठेवायचे, ते संपले की सोडायचे. रोज नवे पाणी करायचे. डॉक्सिसायक्लिन असेल तर त्या वेळी चुना किंवा कॅल्शियमचे टॉनिक द्यायचे नाही, कारण कॅल्शियम त्या औषधाला बांधून ठेवते आणि ते अंगी लागत नाही.

तेल आम्ही त्याच भांड्यात घालत नाही. तेलाच्या वासाने कोंबड्या पाणी कमी पितात, असे आमच्या पाहण्यात आले. पाणी कमी पिले म्हणजे औषध कमी गेले. म्हणून सकाळी औषध आणि संध्याकाळी तेलाचे पाणी. औषध आणि तेल जोडीने वापरायचे म्हणजे आमच्यापुरते एवढेच.

आणि खुराडे. हा खर्च सर्वांत कमी आणि गुण सर्वांत जास्त. कोंबडीच्या उंचीवर तोंड नेऊन श्वास घ्यावा. डोळे चुरचुरले, तर तिचे रोज रात्री तेच होत असते. जावळीच्या पावसात आतली ओल काढून कोरडी राख आणि भाताचे तूस पसरतो, वरच्या बाजूला हवेसाठी फट ठेवतो आणि चुलीचा धूर आत जाणार नाही असे पाहतो. जतला उलट, धूळ बसावी म्हणून बाहेर पाणी शिंपडतो. नवीन आणलेली कोंबडी दोन-तीन आठवडे वेगळ्या डालीखाली ठेवतो. पुष्कळदा एवढ्यानेच घरघर पुन्हा येत नाही.

हा प्रश्न फक्त कोंबड्यांचा नाही

औषध चालू असताना आणि नंतर पाकिटावर छापलेले दिवस संपेपर्यंत त्या कोंबडीचे अंडे किंवा मांस खायचे नाही, विकायचे नाही. औषधाचा अंश त्यात उतरतो. हे सांगणे सोपे आहे. ज्या घरात दिवसभरात तेवढे एक अंडेच मुलाच्या ताटात पडणार आहे, तिथे ते सांगताना जीभ जड होते. म्हणून त्या दिवसांची अंडी आम्ही बाजारभावाने विकत घेतो आणि पुरून टाकतो. काहींना ही उधळपट्टी वाटेल. पण त्याशिवाय नियम पाळला जाणार नाही, आणि भुकेल्या माणसाला नियम सांगून आपण घरी जेवायला जाणे मला बरोबर वाटत नाही.

दुसरे कारण आणखी दूरचे आहे. टायलोसिन ज्या घराण्यातले, त्याच घराण्यात एरिथ्रोमायसिन आणि अझिथ्रोमायसिन आहेत. आपल्या मुलांना छातीच्या संसर्गात डॉक्टर ती देतात. डॉक्सिसायक्लिन तर माणसांचेही औषध आहे. लेप्टोस्पायरोसिस, स्क्रब टायफस यांसारख्या तापात ते जीव वाचवते. अर्धवट डोस दिला की दुबळे जिवाणू मरतात आणि चिवट तेवढे उरून वाढतात. पेनिसिलिनचा शोध लावणाऱ्या अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९४५ मध्ये नोबेल पारितोषिकाच्या भाषणातच हा धोका सांगितला होता. माणसांच्या उपचारात शेवटचा आधार असलेले कोलिस्टिन हे औषध कोंबड्यांना वाढीसाठी सर्रास दिले जात होते. भारत सरकारने २०१९ च्या जुलैमध्ये अन्नासाठी पाळलेल्या प्राण्यांत त्याच्या वापरावर बंदी घातली.

मिरजेला डॉ. वानलेस यांनी १८९४ मध्ये मिशनचे इस्पितळ उभे केले, तेव्हा पेनिसिलिनचा शोधही लागलेला नव्हता. साध्या जखमेच्या पूने माणसे दगावत. तो काळ आपल्या नातवंडांवर पुन्हा येऊ नये असे वाटत असेल, तर ही औषधे जपून वापरली पाहिजेत, इस्पितळातही आणि खुराड्यातही. म्हणून 'थोडे देऊन ठेवा, बिघडत नाही' असे आम्ही कधी म्हणत नाही. लागते तेव्हा पूर्ण देतो, लागत नाही तेव्हा मुळीच देत नाही.

आपल्याला विनंती

पत्र पाठवणाऱ्या भगिनींना माझे उत्तर असे की तेल स्वस्त आहे हे खरे, पण ते एकटे पुरत नाही. बंधूंना उत्तर असे की औषध रोग मारते, तेल तोवर श्वास मोकळा ठेवते, आणि खुराडे कोरडे नसेल तर दोघांचीही मेहनत वाया जाते. मोठ्या मनाने पाठवलेल्या तेलाच्या बाटल्या कृपया आता पाठवू नका. आमच्याकडे पुरेशा आहेत. त्याऐवजी लशीसाठी बर्फाची एक पेटी, औषधाचा खर्च आणि त्या पुरलेल्या अंड्यांची किंमत, यांपैकी काही उचलता आले तर पाहा.

प्रार्थनेत आठवण ठेवावी असे विषय : जावळीच्या वस्तीवर या पावसाळ्यात आजार न यावा, जतला लसीकरणाच्या दिवशी सर्व घरे एकत्र यावीत, आणि तालुक्याच्या दवाखान्यात थोडक्या माणसांनिशी काम करणाऱ्या पशुवैद्यकांना बळ मिळावे.

जावळीच्या त्या मावशींकडे आता नऊ कोंबड्या आहेत. मागच्या महिन्यात गेले तेव्हा एक खुडूक कोंबडी तेरा अंड्यांवर बसली होती. यरुशलेमेकडे पाहून प्रभूने कोंबडी आणि पिलांचीच उपमा का घेतली, ते मला तिथे बसल्यावर कळते. मावशींनी मला गप्प राहण्याची खूण केली आणि खुराड्याला कान लावला. मग म्हणाल्या, "ऐका ताई. काही आवाज न्हाई."

मी तरीही कंदील आत धरून सगळ्यांचे डोळे, नाक आणि विष्ठा पाहून घेतली.

आपली,
प्रभूच्या सेवेत,
पशुपालन विभागातील कार्यकर्ती